विश्लेषण : बालगुन्हेगाराला तुरुंग की शाळा? मेरी कार्पेंटर यांचा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही कायम का आहे?

अल्पवयीन आरोपीचा सहभाग असलेला एखादा गंभीर गुन्हा घडला की दर वेळी एकच वाद उफाळून येतो. गुन्हा मोठ्या माणसासारखा केला, मग शिक्षाही मोठ्या माणसासारखीच का नको, असा एक सूर असतो. वय कोवळे आहे, तुरुंगात टाकले तर मूल कायमचे हातचे जाईल, असा दुसरा. हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातील एका शिक्षिकेने तो थेट संसदेपर्यंत नेला आणि पुढे भारतातही आणला. मेरी कार्पेंटर हे तिचे नाव. बालसुधारगृह ही कल्पना कायद्यात आणण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. मात्र त्या कायद्यातील एका अटीवर त्यांना हार पत्करावी लागली. ती अट होती अवघ्या १४ दिवसांची. मेरी कार्पेंटर यांचे आयुष्य आणि त्या १४ दिवसांचे महत्त्व समजून घेतले, तर आजचा वादही नीट उलगडतो.

त्या काळी मुलांना शिक्षा कशी होत असे?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्लंडमध्ये सात वर्षांपुढील मुलावर फौजदारी खटला चालू शकत असे. सात ते चौदा या वयात मुलाला गुन्ह्याची समज नसते, असे कायदा गृहीत धरत असे. पण समज होती हे सरकारी पक्षाने दाखवून दिले की मुलाला मोठ्यांसारखीच शिक्षा होई. भाकरी, रुमाल किंवा कोळसा चोरणारी मुले अट्टल चोरांच्या बरोबर एकाच बराकीत राहत. फटके, काळ्या पाण्यावर रवानगी आणि क्वचित फाशी या शिक्षा मुलांच्याही वाट्याला येत. १८३१ मध्ये मेडस्टोन येथे जॉन बेल या १४ वर्षांच्या मुलाला खुनाच्या गुन्ह्यात फाशी देण्यात आली होती.

मुलांना मोठ्यांपासून वेगळे ठेवण्याचे काही प्रयोग झाले होते. १८२५ पासून युरिअॅलस नावाच्या जुन्या युद्धनौकेवर मुलांसाठी तरंगता तुरुंग चालवला गेला. तेथील दादागिरी आणि हालअपेष्टा कुप्रसिद्ध होत्या. १८३८ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर पार्कहर्स्ट येथे मुलांसाठी स्वतंत्र तुरुंग उघडला. तेथे सुरुवातीला मुलांच्या पायात बेड्या असत आणि पुढे अनेकांना ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला पाठवले जाई. तुरुंग वेगळा झाला, पण तो तुरुंगच राहिला. मुलाला वेगळ्या तुरुंगाची नव्हे, तर तुरुंगापेक्षा वेगळ्याच जागेची गरज आहे, असे म्हणणारे लोक तेव्हा फार थोडे होते.

मेरी कार्पेंटर कोण होत्या?

मेरी यांचा जन्म ३ एप्रिल १८०७ रोजी इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. वडील लँट कार्पेंटर हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक आणि नावाजलेले शिक्षक होते. १८१७ मध्ये ब्रिस्टलच्या लुइन्स मीड प्रार्थनागृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि कुटुंब तिथे स्थायिक झाले. घरातच वडिलांची शाळा होती. मुलींना शिवणकाम आणि थोडे वाचन पुरे, असे मानण्याच्या त्या काळात मेरी मुलांच्या बरोबरीने लॅटिन, ग्रीक, गणित आणि विज्ञान शिकल्या. त्यांचे बंधू विल्यम पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले. मेरी यांना मात्र बाई असल्यामुळे विद्यापीठाचे दार बंद होते. काही काळ त्यांनी श्रीमंत घरांत मुलांना शिकवण्याची नोकरी केली. १८२९ मध्ये ब्रिस्टलला परतून त्यांनी आई आणि बहिणींसह मुलींची शाळा सुरू केली.

त्या सुमारास ब्रिस्टल हे बंदराचे, श्रीमंत व्यापाऱ्यांचे शहर होते आणि त्याच्या पोटात दाट, गलिच्छ वस्त्याही होत्या. १८३१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे मोठी दंगल उसळली. तुरुंग फोडले गेले, इमारती जाळल्या गेल्या. पुढच्याच वर्षी कॉलऱ्याची साथ आली. शहराच्या एका भागात काय चालले आहे याची दुसऱ्या भागाला किती कमी माहिती आहे, हे या दोन घटनांनी उघड केले.

१८३३ मधील दोन भेटी निर्णायक का ठरल्या?

१८३३ मध्ये दोन पाहुणे कार्पेंटर कुटुंबाच्या संपर्कात आले. पहिले राजा राममोहन रॉय. त्यांचे विचार युनिटेरियन मंडळींना जवळचे वाटत. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते ब्रिस्टलला आले, मेरी यांच्या वडिलांच्या प्रार्थनागृहात गेले आणि काही दिवसांतच आजारी पडून २७ सप्टेंबर रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. २६ वर्षांच्या मेरी यांच्या मनावर त्या भेटीचा ठसा कायमचा राहिला. भारताविषयीची त्यांची ओढ तिथून सुरू झाली, पण ती प्रत्यक्षात यायला ३३ वर्षे जावी लागली.

दुसरे पाहुणे होते जोसेफ टकरमन. अमेरिकेतील बोस्टन शहरात गरिबांच्या वस्तीत काम करणारे हे धर्मोपदेशक. ते आणि मेरी ब्रिस्टलच्या एका गरीब वस्तीतून जात असताना फाटक्या कपड्यांतला एक मुलगा समोरून पळत गेला आणि बोळात दिसेनासा झाला. त्या मुलाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत कोणीतरी जायला हवे, असे टकरमन बोलून गेले. मेरी यांच्या चरित्रात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, कारण पुढची ४० वर्षे त्यांनी शब्दशः तेच केले. १८३५ मध्ये त्यांनी गरीब कुटुंबांना घरी जाऊन भेटणारी संस्था स्थापन केली आणि सुमारे २० वर्षे तिचे चिटणीसपद सांभाळले. १८४० मध्ये वडील इटलीच्या किनाऱ्याजवळ बोटीवरून समुद्रात पडून मरण पावले. त्या धक्क्यातून सावरताना मेरी या कामात अधिकच बुडाल्या.

शिक्षिकेचे लक्ष तुरुंगाकडे कसे वळले?

१ ऑगस्ट १८४६ रोजी मेरी यांनी लुइन्स मीड भागात फाटक्या कपड्यांतल्या मुलांसाठी मोफत शाळा उघडली. इंग्लंडमध्ये अशा शाळांना रॅग्ड स्कूल म्हणत. इतर शाळा ज्यांना अस्वच्छ किंवा उनाड म्हणून हाकलत, ती मुले इथे येत. सुरुवातीचे दिवस गोंधळाचे होते. मुले मारामाऱ्या करत, मध्येच निघून जात. हळूहळू शाळा स्थिरावली, रात्रीचे वर्ग सुरू झाले.

इथेच मेरी यांच्या लक्षात एक गोष्ट आली. शाळेत येणारा एखादा मुलगा अचानक दिसेनासा होई. चौकशी केली की तो किरकोळ चोरीसाठी तुरुंगात असल्याचे कळे. काही आठवड्यांनी तो परत येई तो बदललेला. तुरुंगात त्याला नवे मित्र आणि नव्या युक्त्या मिळालेल्या असत, तुरुंगाची भीती गेलेली असे आणि बाहेर काम मिळण्याची शक्यताही संपलेली असे. थोड्याच दिवसांत तो पुन्हा आत जाई. मुलाला सुधारण्यासाठी उभा केलेला तुरुंग प्रत्यक्षात पुढचा गुन्हेगार घडवत होता. शाळा कितीही चांगली चालवली तरी तुरुंगाची ही वाट उघडी असेपर्यंत तिचा उपयोग अपुरा राहणार, हे मेरी यांना कळून चुकले.

त्यांनी नेमके काय सुचवले?

१८५१ मध्ये त्यांनी सुधारशाळांवर ग्रंथ लिहिला. पुस्तकाचा गाभा अगदी व्यवहारी होता. रस्त्यावरची सगळी मुले एकसारखी नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी एकच उपायही चालणार नाही, असे सांगून त्यांनी तीन प्रकारच्या शाळांची मांडणी केली. गरिबीमुळे शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी मोफत दिवसाच्या शाळा. भीक मागणाऱ्या, भटकणाऱ्या, गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांसाठी जेवण आणि हातकाम देणाऱ्या औद्योगिक शाळा. आणि न्यायालयाने दोषी ठरवलेल्या मुलांसाठी तुरुंगाऐवजी सुधारशाळा.

या कल्पना त्यांनी हवेतून आणल्या नव्हत्या. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ विखर्न यांनी १८३३ मध्ये मुलांसाठी कुटुंबासारखी घरे उभी केली होती. फ्रान्समध्ये डेमेट्झ यांनी मेत्रे येथे शेतीवर आधारलेली वसाहत १८३९ मध्ये स्थापन केली होती. या प्रयोगांचा अभ्यास करून मेरी यांनी एक सूत्र काढले. मुलाला बेड्यांनी थोपवता येते, पण बदलता येत नाही. बदल घडायचा तर मुलाचा त्या जागेवर आणि तिथल्या माणसांवर विश्वास बसला पाहिजे. त्यासाठी घरासारखे वातावरण, पोटभर अन्न, काम, शिक्षण आणि खेळ या पाचही गोष्टी लागतात. मुलाच्या पालनाची जबाबदारी टाळणाऱ्या आईवडिलांकडून खर्च वसूल करावा, असेही त्यांचे मत होते.

पुस्तकापाठोपाठ डिसेंबर १८५१ मध्ये बर्मिंगहॅम येथे या विषयावर परिषद भरली. न्यायाधीश मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल यांच्यासह तिची आखणी मेरी यांनीच केली होती. पण स्त्रीने भर सभेत भाषण करणे तेव्हा शोभणारे मानले जात नसे. त्यामुळे ज्यांच्या विचारांवर परिषद भरली, त्या स्वतः तिथे बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र संसदेच्या समितीसमोर त्यांनी साक्ष दिली. नंतरच्या काळात तर विद्वत्सभांमध्ये त्या निःसंकोच निबंध वाचू लागल्या.

किंग्जवुडच्या प्रयोगाने काय शिकवले?

कायदा होण्याची वाट न पाहता मेरी यांनी १८५२ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथे सुधारशाळा सुरू केली. जॉन वेस्ली यांनी तिथे स्थापन केलेली शाळा दुसरीकडे हलल्याने इमारत रिकामी होती. एका हितचिंतकाने ती विकत घेऊन दिली. सुरुवातीला मुले आणि मुली एकत्र होत्या. भिंती आणि पहारे शक्य तितके कमी ठेवायचे, असे ठरले होते.

हा प्रयोग सोपा गेला नाही. मुले पळून जात, तोडफोड करत, मुली दंगा करत. शिस्तीसाठी कोठडी आणि छडी वापरायची की नाही, यावरून मेरी आणि त्यांचे सहकारी यांच्यात मतभेद झाले. प्रेमाने सगळे प्रश्न सुटतात अशी त्यांची समजूत असलीच, तर ती किंग्जवुडने घालवली. पण मूळ विचार त्यांनी सोडला नाही. मुलींच्या गरजा वेगळ्या आहेत हे ओळखून त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था काढण्याचे त्यांनी ठरवले.

१८५४ चा कायदा आणि ते १४ दिवस काय होते?

१८५४ मध्ये ब्रिटिश संसदेने युवा गुन्हेगार कायदा मंजूर केला. सोळा वर्षांखालील दोषी मुलाला दोन ते पाच वर्षे सुधारशाळेत पाठवण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. शाळा स्वयंसेवी संस्थांनी चालवायच्या, सरकारने त्यांची तपासणी करायची आणि अनुदान द्यायचे, अशी व्यवस्था ठरली. मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मागणीचा हा मोठा विजय होता.

पण कायद्यात एक अट होती. सुधारशाळेत जाण्याआधी मुलाने किमान १४ दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत. या अटीच्या समर्थकांचे म्हणणे असे होते की, गुन्ह्याची शिक्षा ही आधी भोगायलाच हवी, सुधारणा त्यानंतर. शिवाय प्रामाणिक मजुराच्या मुलाला जे अन्न आणि शिक्षण मिळत नाही, ते चोरी करणाऱ्या मुलाला थेट मिळाले तर गुन्ह्याला बक्षीस दिल्यासारखे होईल, अशी भीती होती. हा युक्तिवाद वरवरचा नव्हता. गरिबांच्या मुलांना शिक्षणाची हमी नसलेल्या समाजात तो अनेकांना पटणारा होता.

मेरी यांचा आक्षेप दोन मुद्द्यांवर होता. एक म्हणजे, तुरुंगातले दिवस मोजून शिक्का छोटा-मोठा होत नाही. १४ दिवस असोत की १४ महिने, तुरुंग पाहिलेला मुलगा ही ओळख आयुष्यभर चिकटते. दुसरे, ज्या संगतीपासून मुलाला वाचवायचे त्याच संगतीत त्याला आधी पाठवायचे आणि मग ते धुऊन काढण्यासाठी शाळेवर खर्च करायचा, ही उलटी रीत आहे. प्रामाणिक मजुराच्या मुलावर अन्याय होतो हे खरे असेल, तर त्यालाही शाळा द्यावी; दुसऱ्या मुलाला तुरुंग देऊन तो अन्याय दूर होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. मोफत शाळा आणि जेवणासह दिवसाच्या शाळा यांसाठी त्या अखेरपर्यंत झगडल्या त्या याच कारणाने.

संसदेने त्यांचे ऐकले नाही. आधी शिक्षा, मग सुधारणा हा क्रम कायम राहिला. कायदा स्वीकारून अटीविरुद्ध लढत राहायचे, असे मेरी यांनी ठरवले. १८५७ मध्ये भटक्या मुलांसाठी औद्योगिक शाळांचा कायदा झाला. त्यात सात ते चौदा वयाच्या मुलांना गुन्हा घडण्याआधीच शाळेत पाठवण्याची सोय होती. मेरी यांच्या तीन शाळांपैकी दोन आता कायद्यात आल्या होत्या.

रेड लॉजमध्ये काय घडले?

१८५४ च्या अखेरीस मेरी यांनी ब्रिस्टलमधील रेड लॉज या सोळाव्या शतकातील वाड्यात मुलींची सुधारशाळा सुरू केली. कवी बायरन यांच्या पत्नी लेडी बायरन यांनी तो वाडा यासाठी विकत घेतला होता. मुलींना वाचन-लेखन, धुणे, शिवणकाम आणि स्वयंपाक शिकवला जाई. थोड्या मोठ्या आणि भरवशाच्या मुलींना शेजारच्या घरात अधिक मोकळीक देऊन बाहेरच्या आयुष्यासाठी तयार केले जाई. मेरी यांनी लग्न केले नाही. १८५८ मध्ये त्यांनी पाच वर्षांची एक मुलगी दत्तक घेतली. पुढील आयुष्य रेड लॉजच्या परिसरातच गेले.

त्यांच्या कामावर टीकाही झाली, आजही होते. तुरुंगात काही आठवड्यांची शिक्षा झाली असती अशी मुले सुधारशाळेत वर्षानुवर्षे अडकली. सुधारणेच्या नावाखाली गरीब आईबापांकडून मुले काढून घेणे सोपे झाले. मुलींना घरकामगार होण्यापलीकडची वाट दाखवली गेली नाही. स्वतः लॅटिन आणि गणित शिकलेल्या मेरी यांनी गरीब मुलींसाठी मात्र त्या काळाच्या वर्गचौकटीतलेच शिक्षण ठेवले. मेरी यांच्या पश्चात अनेक सुधारशाळांची कडक शिस्त आणि फटके यांमुळे त्या तुरुंगाच्याच धाकट्या बहिणी झाल्या. संस्था चांगल्या हेतूने सुरू होते, पण तिची भिंत हेतूपेक्षा जास्त काळ टिकते, हे सुधारशाळांच्या इतिहासात वारंवार दिसते.

मेरी कार्पेंटर भारतात का आल्या?

१८६६ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, मेरी पहिल्यांदा भारतात आल्या. त्याच वर्षी त्यांनी राममोहन रॉय यांच्या इंग्लंडमधील अखेरच्या दिवसांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. मुंबईत उतरून त्या अहमदाबादला गेल्या. तिथे पहिले भारतीय सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर त्यांचे यजमान होते. पुढे मद्रास आणि कलकत्ता असा प्रवास झाला. मुलींच्या शाळा आणि तुरुंग, या दोन गोष्टी त्यांनी प्रत्येक शहरात आवर्जून पाहिल्या. कलकत्त्यात ईश्वरचंद्र विद्यासागर त्यांच्यासोबत उत्तरपाडा येथील मुलींची शाळा पाहायला गेले होते. परतताना विद्यासागरांची गाडी उलटली आणि त्या दुखापतीतून ते पुढे कधी पूर्ण बरे झाले नाहीत.

भारतातील तुरुंगांत त्यांना ब्रिटनमधल्या जुन्या चुका पुन्हा दिसल्या. मुले आणि मोठे कैदी एकत्र, रात्री एकाच दालनात. शिक्षणाची सोय जवळपास नाहीच. गुन्हेगार मुलांसाठी सुधारशाळा, तुरुंगांची शिस्त आणि स्त्री-शिक्षिकांचे प्रशिक्षण या तीन विषयांवर त्यांनी सरकारकडे सूचना मांडल्या. १८६८ मध्ये या प्रवासाचे दोन खंडांतील वर्णनही प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्या आणखी तीन वेळा भारतात आल्या. १८७० मध्ये केशवचंद्र सेन ब्रिस्टलला गेले असताना मेरी यांनी नॅशनल इंडियन असोसिएशन ही संस्था स्थापन केली.

मुंबईत या विषयाची सुरुवात त्यांच्या आधीच झाली होती. १८५० च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने दहा ते अठरा वयाच्या निराधार आणि किरकोळ गुन्हे करणाऱ्या मुलांना एखादा धंदा शिकण्यासाठी बांधून देण्याची सोय केली होती. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून मुंबईत औद्योगिक आणि सुधारशाळा उभी राहिली. पण असे प्रयत्न मोजके होते. देशभरासाठी कायदा नव्हता.

१८७६ मध्ये तो कायदा आला. सुधारशाळा कायद्याने सोळा वर्षांखालील दोषी मुलांना तुरुंगाऐवजी दोन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद केली. त्याच सुमारास, १८७५-७६ च्या शेवटच्या भारतभेटीत, मेरी यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांमधील बालमजुरांकडे लक्ष वेधले. गिरणीत दिवसभर राबणारे मूल शाळेत जाऊ शकत नाही, हा त्यांचा मुद्दा त्यांच्या जुन्याच कामाचा भाग होता. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी घातली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे तास नऊपर्यंत मर्यादित केले. तो कायदा पाहायला त्या हयात नव्हत्या.

भारतात सुधारणा या शब्दाची दुसरी बाजू कोणती?

वसाहतीच्या राज्यात याच कल्पनेचा वापर वेगळ्या कारणासाठीही झाला. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १८९७ च्या दुरुस्तीने या जमातींच्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून सुधार वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. इथे मुलाने काही केलेलेच नव्हते. मेरी यांचा आग्रह होता की गुन्हा घडला तरी मूल हे आधी मूल आहे. या कायद्यात मात्र गुन्हा घडला नाही तरी मूल आधी गुन्हेगार होते. महाराष्ट्रात सोलापूरची वसाहत या काळाची साक्षीदार आहे.

त्यांच्यानंतर काय बदलले?

१४ जून १८७७ च्या रात्री झोपेतच मेरी कार्पेंटर यांचे निधन झाले. वय ७० होते. ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेल दफनभूमीत त्यांचे दफन झाले. राममोहन रॉय यांची समाधीही तिथेच आहे. त्या १४ दिवसांच्या अटीचा निकाल लागायला आणखी २२ वर्षे गेली. १८९३ मध्ये ती ऐच्छिक झाली आणि १८९९ मध्ये ब्रिटनने ती पूर्णपणे रद्द केली. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत शिकागो येथे पहिले बालन्यायालय सुरू झाले. १९०२ मध्ये केंट परगण्यातील बोर्स्टल गावात सोळा ते एकवीस वयाच्या तरुणांसाठी नवा प्रयोग झाला आणि त्या गावाच्या नावानेच बोर्स्टल शाळा जगभर ओळखल्या जाऊ लागल्या.

मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये बाल कायदा आणि १९२९ मध्ये बोर्स्टल शाळा कायदा झाला. नाशिकचे किशोर सुधारालय याच परंपरेतले. बाल कायद्यानंतर १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी-उमरखाडीचे बालगृह ज्या इमारतीत चालते, तो पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले ते इथेच. मुलांसाठीची संस्था जुन्या तुरुंगाच्याच भिंतींत उभी राहावी, यातून हा बदल किती हळू झाला ते दिसते. कायदे झाले तरी मुले तुरुंगात जातच होती. १९८६ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला देशभरातील तुरुंगांत असलेल्या मुलांची दखल घ्यावी लागली. त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा आला. त्यात मुलासाठी वयोमर्यादा सोळा आणि मुलीसाठी अठरा होती. २००० मध्ये ती दोघांसाठी अठरा झाली.

आजच्या कायद्यात मेरी कार्पेंटर यांचा प्रश्न कुठे आहे?

दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार आणि हत्येनंतर या कायद्यावर मोठे वादळ उठले. त्यातून आलेला २०१५ चा बाल न्याय कायदा जानेवारी २०१६ पासून लागू झाला. विधिसंघर्षग्रस्त बालकाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येणार नाही, असे हा कायदा सांगतो. म्हणजे १४ दिवसांच्या अटीला कायद्याने पूर्ण नकार दिला आहे. पण सोळा ते अठरा वयातील मुलावर, किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने त्याच्या मानसिक आणि शारीरिक क्षमतेची प्राथमिक चाचपणी करायची आणि गरज वाटल्यास त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्यासाठी प्रकरण बालन्यायालयाकडे पाठवायचे, अशीही तरतूद आहे. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप मात्र अशा मुलालाही देता येत नाही.

थोडक्यात, आधी शिक्षा की आधी सुधारणा, हा क्रमाचा वाद कायद्याने बहुतेक मुलांसाठी मिटवला आहे आणि सोळा-सतरा वर्षांच्या काही मुलांसाठी पुन्हा उघडला आहे. तो उघडावा की नाही यावर मतभेद असू शकतात. पीडित कुटुंबाला न्याय हवा, ही मागणी १८५४ च्या संसदेतील युक्तिवादापेक्षा नक्कीच वजनदार आहे. पण मेरी कार्पेंटर यांनी आपल्या शाळेच्या अनुभवातून विचारलेला प्रश्न त्या बाजूलाही टाळता येत नाही. हा मुलगा एक ना एक दिवस बाहेर येणार आहे. तो कोणाच्या संगतीतून, काय शिकून आणि कोणता शिक्का घेऊन बाहेर येणार, हे ठरवणारी जागा कशी असावी? निरीक्षणगृहांतील गर्दी, समुपदेशकांची रिकामी पदे आणि बाहेर पडल्यानंतरच्या पाठपुराव्याचा अभाव यांकडे पाहिले, की कायद्याच्या कलमांवर जितका वाद होतो तितका या प्रश्नावर होत नाही, हे लक्षात येते. बोळात पळून गेलेल्या मुलाच्या मागे त्याच्या घरापर्यंत जाणारे कोणीतरी आजही लागतेच.